ए. जयवंती

"घरात अभ्यासाला शांत जागा आहे, असे किती जण आहेत? हात वर करा."

व्यंकट सरांनी हे आधी तमिळमध्ये विचारलं, मग इंग्रजीत. अंबत्तूरच्या त्या छोट्या खासगी कॉलेजातली पोरंपोरी एकमेकांकडे बघून हसली. बहुतेकांच्या घरी एका खोलीत चार-पाच माणसं, एक टीव्ही आणि खाली कुणाचं तरी वेल्डिंगचं नाहीतर लेथचं दुकान. शांत जागा आणायची कुठून? दोन-तीन हात अर्धवट वर गेले आणि खाली आले. मागच्या बाकावर बसलेल्या जयवंतीनं मात्र हात सरळ वर केला.

त्या वर्षापासून कॉलेजनं नवी पद्धत आणली होती. शुक्रवार-शनिवार वर्गात यायचं आणि बाकीचे दिवस घरूनच ऑनलाइन शिकायचं. पोरं त्यासाठी कितपत तयार आहेत, हे सरांना पहिल्याच दिवशी पाहायचं होतं. "हातात मोबाईल आहे म्हणजे ऑनलाइन शिकता येतं असं नाही," ते म्हणाले आणि एकेक विचारत गेले. स्वतःचा लॅपटॉप कुणाकडे आहे? नेट नीट चालतं का? मधेच उठवणारं कुणी आहे का घरात? कुणी मागे न लागता स्वतःहून बसता येतं का?

प्रत्येक वेळी जयवंतीचा हात वर होता. ती खोटं बोलत नव्हती. लॅपटॉप होता. अशोकनं लावून घेतलेलं नेट अजून चालू होतं. मधे उठवणारं घरात कुणीच नव्हतं. आणि बसण्याचं म्हणाल तर ती आताशा कुठेही, कितीही वेळ बसू शकत असे.

"बघा," सर कौतुकानं म्हणाले, "या अक्का तुम्हा सगळ्यांपेक्षा जास्त तयार आहेत."

वर्गानं टाळ्या वाजवल्या. जयवंतीनं हात खाली घेऊन मांडीवर ठेवला.

जयवंती बऱ्हाटे मूळची भुसावळकडची. नवरा अशोक वरणगावच्या कारखान्यातून बदली होऊन आवडी नावाच्या गावातल्या संरक्षण कारखान्यात आला, तेव्हा ती कडेवर प्राचीला घेऊन इथे आली होती. अंबत्तूरला भाड्याचं घर घेतलं. बाजारापुरतं तमिळ ती शिकली, बाकीचं अशोक बोलायचा. प्राची मोठी झाली, इंजिनियर होऊन हैदराबादला नोकरीला लागली. आणि मागच्या वर्षी पोंगल झाल्यावर, एका साध्या कामाच्या दिवशी, कारखान्याच्या कँटीनमध्ये ताट हातात घेऊन रांगेत उभा असलेला अशोक तिथेच खाली बसला आणि उठला नाही. फोन आला तेव्हा जयवंती मेथी निवडत होती. तिनं आधी उरलेली जुडी संपवली. असं का केलं ते तिला नंतरही सांगता आलं नाही.

तेव्हापासून तिला फारसं काही वाटत नव्हतं. पाय बधिर झाल्यावर चिमटा काढला तरी दुसऱ्याच्याच पायाला काढल्यासारखा वाटतो ना, तसं तिचं सगळ्याच बाबतीत झालं होतं. माणसं भेटायला आली, रडली. तिनं त्यांना पाणी दिलं. रेशन कार्डावरून, गॅसवरून, बँकेतून अशोकचं नाव काढायला तीच गेली आणि सांगतील तिथे सही करून आली. प्राची म्हणाली, "आई, माझ्याकडे चल." ती म्हणाली, "बघू." प्राचीनं पुन्हा विचारलं, तेव्हाही "बघू."

कॉलेजचं खूळ गुरुमूर्तींचं. हे अशोकच्या कारखान्यातले युनियनवाले, त्याचे जुने मित्र. अनुकंपेच्या नोकरीसाठी जयवंतीची फाइल त्यांनीच पुढे सरकवली होती. ती कुठल्या तरी टेबलावर जाऊन थांबली होती. "भाभी, फाइल को टाइम लगेगा," ते हिंदीत म्हणाले. "तब तक कुछ सीख लो. कंप्यूटर, अकाउंट्स. बाद में काम आएगा." एक वर्षाचा डिप्लोमा त्यांनीच शोधला. जयवंतीनं हो म्हटलं, कारण नाही म्हणायला कारण सांगावं लागतं.

प्रवेशाच्या खिडकीवर कारकुनानं विचारलं, "इनिशियल?"

"बऱ्हाटे," ती म्हणाली.

"आडनाव नको. नवऱ्याचं नाव सांगा."

"अशोक."

त्यानं लिहिलं, ए. जयवंती. इथली हीच रीत. आडनाव कुणी विचारत नाही, नवऱ्याच्या किंवा बापाच्या नावाचं पहिलं अक्षर पुढे लागतं. तेवढा अशोक तिच्या नावापुढे राहिला.

पहिल्या ऑनलाइन तासाच्या सकाळी प्राचीनं फोनवरून सगळं समजावलं. "आई, सरांनी लिंक पाठवलीय ना, ती उघड. मग 'जॉइन' वर दाब. माइक बंद ठेव, कॅमेरा बंद ठेव. मला मीटिंग आहे, मी ठेवते." लॅपटॉप लॉकडाउनमध्ये प्राचीच्या वर्गांसाठी घेतलेला. ती गेल्यावर अशोक त्यावर क्रिकेट बघायचा, भजनं लावायचा. जयवंतीनं लिंक उघडली, जॉइनवर दाबलं. पडद्यावर चौकोन उमटले. प्रत्येकात एकेक नाव. शरण्या, प्राणेश, हेमावती. आणि कोपऱ्यातल्या तिच्या चौकोनात लिहिलेलं होतं: अशोक. नावाच्या वर एका गोलात त्याचा फोटो. कोवलमच्या किनाऱ्यावर प्राचीनं काढलेला, मागे वर ओढून ठेवलेली होडी, उन्हानं डोळे बारीक झालेले.

सर हजेरी घेऊ लागले. पडद्यावरची नावं बघून ते एकेक पुकारत होते.

"अशोक?"

जयवंती बघत राहिली.

"अशोक, आर यू देअर?"

बाकीचे खाली लिहून हजेरी देत होते हे तिला दिसत होतं. तिनं एका बोटानं लिहिलं, प्रेझेंट सर.

"ओके. अशोक हजर," सर म्हणाले आणि पुढच्या नावाकडे वळले. शेवटी त्यांनी यादी बघून "जयवंती" असंही पुकारलं, दोनदा. त्या नावाचा चौकोन नव्हता. "आल्या नाहीत," सर पुटपुटले.

तास संपल्यावर तिला वाटलं, प्राचीला विचारून नाव बदलून घेऊ. संध्याकाळी प्राचीचा फोन आला तेव्हा ती थकलेली होती, ऑफिसातलं काहीबाही सांगत राहिली. विचारायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सरांनी म्हटलं, "अशोक?" आणि पुन्हा तिनं लिहिलं, प्रेझेंट सर. दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसापेक्षा सोपं गेलं. त्यात तिनं काही ठरवलं नव्हतं. घरात कुणीतरी रोज त्याचं नाव घेत होतं, आणि तो हजर आहे असं म्हणत होतं, एवढंच. त्यानं तिला बरं वाटत होतं असंही नाही. पण सकाळी उठून लॅपटॉप उघडायला ती विसरत नसे.

आणि अभ्यास ती करत होती. सर शिकवायचे ते अर्धं तमिळ, अर्धं इंग्रजी; पण आकडे कुठल्याही भाषेत आकडेच असतात. जमा, खर्च, घसारा, ताळेबंद. ऑनलाइन चाचण्या आल्या की ती सावकाश, एकेक करून सोडवायची. उत्तरं अशोकच्या नावावर जमा व्हायची. ज्या माणसानं जन्मात किराण्याची बेरीज केली नाही, तो वर्गात पहिल्या दोघा-तिघांत येऊ लागला. सर एकदा म्हणालेदेखील, "अशोक, वेरी गुड. पण कधी तरी बोला ना. माइक चालू करा." जयवंतीनं लिहिलं, माइक रिपेअर सर.

शुक्रवार-शनिवारी ती कॉलेजात ए. जयवंती असे. तिच्या बाकावर शरण्या नावाची मुलगी बसायची. लांब वेणी, सतत हलणारे पाय. जयवंती फोनवर प्राचीशी बोलत होती, ते ऐकून ती एकदम वळली.

"अक्का, तुम्ही मराठी का? आम्हीपण मराठीच! तंजावूर मराठी. घरांत आजोबांसंगें बोलतों."

तिचं मराठी कानाला कुठल्या तरी जुन्या पोथीतून उठून आल्यासारखं लागायचं, आणि त्याला तमिळचा हेल. दोन वाक्यांनंतर तिचे शब्द संपायचे, मग ती सरळ तमिळवर जायची. जयवंतीचे तमिळ शब्द संपले की ती मराठीवर यायची. असं दोघींचं भागत असे. शरण्याला बोलायला फार काही लागत नव्हतं, समोर कुणीतरी ऐकणारं पुरायचं. आणि जयवंती ऐकत असे.

"अक्का, तुम्ही ऑनलाइनला कां येत नाहीं?" एकदा डबा खाताना शरण्यानं विचारलं. "सर रोज तुमचें नांव घेतात."

"जमत नाही," जयवंती म्हणाली.

"आणि तो अशोक म्हणून आहे ना, तो तिकडे रोज येतो, इकडे येत नाहीं. तुमच्या उलट." शरण्या हसली. "आमच्या ग्रूपांत आहे तो. सगळीं उत्तरें बरोबर लिहितो. मी त्याला मेसेज केला, तूं कुठें राहतोस? तो म्हणाला, अंबत्तूर. मी म्हटलें, मग कॉलेजला ये की! तर काही बोललाच नाहीं."

जयवंतीनं डब्याचं झाकण लावलं. तो मेसेज तिला आठवत होता. 'तू कुठे राहतोस' याचं उत्तर लिहायला तिला बराच वेळ लागला होता.

नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला आणि पावसानं शहर धरलं. कलेक्टरांनी शाळा-कॉलेजांना सुट्टी दिली, दुसऱ्या दिवशी वाढवली, मग पुन्हा वाढवली. कॉलेजचा निरोप आला की शुक्रवार-शनिवारचे वर्गही आता घरूनच. खालच्या गल्लीत गुडघाभर पाणी साचलं. समोरच्या घरातली माणसं स्कूटर ढकलत उंचावर नेत होती. जयवंती वरच्या मजल्यावर, तिला काही झळ नव्हती. ती सकाळी लॅपटॉप उघडायची, दिवसभर तासांना बसायची, वीज गेली की थांबायची, आली की पुन्हा बसायची. त्या सगळ्या आठवड्यात तिला कुणी जयवंती म्हणून हाक मारली नाही. घराबाहेर पडणं नव्हतं, वर्ग नव्हता, शरण्या नव्हती, आणि प्राची तर आईच म्हणायची. जगात जी हजेरी लागत होती ती अशोकची. एका दुपारी आरशासमोरून जाताना तिला वाटलं, अरे, ही इथे आहे होय. मग ती कपडे वाळत घालायला गेली.

पाणी ओसरलं, कॉलेज उघडलं. वर्ग सुटल्यावर व्यंकट सरांनी तिला थांबवून घेतलं. उंच, चष्मेवाला, बोलताना खडूचे तुकडे बोटांत फिरवणारा माणूस. रागावलेले नव्हते, गोंधळलेले होते.

"अक्का, ऑनलाइनला तुमची हजेरी शून्य आहे. एकही दिवस नाही. पावसाच्या आठवड्यातही नाही. अशानं परीक्षेला बसता येणार नाही. पहिल्या दिवशी तुमच्याकडे सगळं होतं. लॅपटॉप, नेट, शांत जागा. मग अडलं कुठे?"

जयवंतीनं तोंड उघडलं. सांगणं अवघड नव्हतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण ती वाक्यं कुठल्या भाषेत सुरू करायची ते तिला सुचेना. "सॉरी सर," ती म्हणाली.

"जमत नसेल तर इथे लॅबमध्ये येऊन बसा. मी सांगतो त्यांना." सरांनी खडू खाली ठेवला. "तुमच्यासारखाच आणखी एक आहे. अशोक. हुशार आहे. मला वाटलं, उशिरा प्रवेश घेतला असेल, म्हणून मी चालवून घेतलं. पण ऑफिस म्हणतं, या नावाचा विद्यार्थीच नाही. लिंक मिळाली की कुणीही येऊन बसतं हल्ली. सोमवारी मी त्याला माइक चालू करायला सांगणार आहे. नाही बोलला, तर काढून टाकणार."

"काढणार," जयवंती म्हणाली.

"हो. नाव काढून टाकायचं. काय करणार?"

ती शेअर ऑटोनं घरी आली. कुलूप उघडलं, चप्पल काढली, हातपाय धुतले. रेशन कार्ड, गॅस, बँक. तिथे तर त्याचं नाव तिनं स्वतःच काढलं होतं. मग आता सरांनी काढलं तर काय बिघडलं? तिनं मनाला असं दोन-तीनदा विचारलं.

सोमवारी ती नेहमीच्या वेळेला बसली. चौकोन उमटले. सरांनी या वेळी हजेरी घेतलीच नाही.

"अशोक," ते सरळ म्हणाले. "मिस्टर अशोक, आज माइक चालू करा. नाहीतर मला तुम्हाला वर्गातून काढावं लागेल. आम्हाला कळू द्या तुम्ही कोण आहात."

कुणाच्या तरी घरची कुकरची शिट्टी ऐकू आली, मग तो माइक बंद झाला. जयवंती त्या गोलातल्या फोटोकडे बघत होती. फोटोखाली माइकचं चिन्ह होतं, त्यावर आडवी रेघ. तिनं त्यावर दाबलं आणि रेघ गेली.

"सर," ती म्हणाली.

बाईचा आवाज कुणाला अपेक्षित नव्हता.

"सर, नान जयवंती," ती तमिळमध्ये म्हणाली. मी जयवंती. "अशोक... माझे वीट्टुकारर." घरधनी. हा शब्द ती भाजीवाल्याशी बोलताना वापरायची. "अवर इल्ले, सर."

"अच्छा, मिस्टर घरी नाहीत," सर म्हणाले. "ठीक आहे. मग आल्यावर त्यांना सांगा की—"

"नाही सर. इल्ले. इल्ले सर."

"हो, समजलं, पण ते परत आल्यावर—"

तिच्याजवळचं तमिळ तिथे संपलं. मेलेल्या माणसासाठी कुठला शब्द वापरतात ते ती कधी शिकली नव्हती. तो नाही, इतकंच तिला म्हणता येत होतं, आणि नाही म्हणजे तर बाजारालाही गेलेला असतो. ती मराठीत बोलू लागली. तिच्या स्वतःच्या घरात तिचा आवाज तिला मोठा लागत होता.

"ते गेले सर. मागच्या वर्षी गेले. हा लॅपटॉप त्यांचा आहे, म्हणून त्यांचं नाव येतं. पण रोज मीच बसते इथे. पहिल्या दिवसापासून मीच आहे."

कुणाला काही कळलं नाही. सरांनी चष्मा काढून पुन्हा लावला. मग शरण्याचा चौकोन उजळला. तिनं आधी नुसताच श्वास घेतला, आणि मग तमिळमध्ये सगळ्यांना सांगितलं. जयवंतीला त्यातला एकच शब्द नवा होता. तोच तो असणार, असं तिला वाटलं.

कुठल्या तरी घरामागे पत्रा कापायचं यंत्र चालू होतं, ते सगळ्यांच्या घरी ऐकू येत होतं.

"जयवंती," सर म्हणाले.

"यस सर."

"प्रेझेंट." त्यांनी हजेरीवर खूण केली. "आज आपण घसाऱ्याची दुसरी पद्धत बघणार आहोत."

आणि ती त्यांनी शिकवली. जयवंतीनं वहीत उतरवून घेतली. तास संपल्यावर ती वाट बघत बसली, की आता काहीतरी होईल. रडू फुटेल, निदान छाती भरून येईल. काही झालं नाही. थोडी भूक लागली होती. तिनं भात गरम केला.

संध्याकाळी प्राचीला तिनं सगळं सांगितलं, जसं घडलं तसं.

"इतके महिने?" प्राची म्हणाली. "आई, इतके महिने तू पप्पांच्या नावानं बसत होतीस? मला सांगितलं का नाहीस? एका मिनिटाचं काम होतं."

"राहिलं सांगायचं."

मग प्राची हळूच म्हणाली, "पप्पांना मार्क किती पडले?"

"चांगले पडले. अकाउंट्समध्ये तर पहिल्या तिघांत."

"पप्पा? अकाउंट्समध्ये?" प्राची हसू लागली, आणि हसता हसता तिचा आवाज फाटला, आणि मग ती नुसती रडतच राहिली, तिकडे हैदराबादला, भाड्याच्या खोलीत, कितीतरी वेळ. जयवंतीनं फोन कानाला धरून ठेवला. मधेमधे ती "हं, हं" म्हणत होती, प्राचीच्या लहानपणी तिचं पोट दुखायचं तेव्हा म्हणायची तसं. लेकीसाठी तिला काहीतरी वाटायला हवं होतं. ते कुठेतरी दूर वाटत होतं, भिंतीपलीकडे नळ चालू असावा तसं.

शुक्रवारी सर तिला घेऊन ऑफिसात गेले. ऑफिसचं म्हणणं सरळ होतं: हजेरीचं सर लिहून देत असतील तर ठीक, पण एकाचे मार्क दुसऱ्याला देता येत नाहीत. सगळ्या चाचण्या पुन्हा द्याव्या लागतील. सर त्यांच्याशी वाद घालू लागले, तशी जयवंतीच म्हणाली, "देते सर."

बाहेर पायऱ्यांवर सर थांबले. "पुढच्या वर्षी पहिल्या दिवशी मी आणखी एक प्रश्न विचारणार आहे," ते म्हणाले. "कुठला, ते अजून मला कळलेलं नाही." मग काहीतरी जास्त बोलून गेल्यासारखे ते घाईनं जिना उतरून गेले.

नवं खातं शरण्यानं उघडून दिलं, जयवंतीच्या घरी येऊन. फोटो हवा म्हणाली. जयवंतीकडे एकटीचा असा फोटोच नव्हता, म्हणून तिला खिडकीशी उभं करून तिथेच एक काढला. त्यात जयवंती कुणाची तरी वाट बघतेय असं दिसत होतं. मग शरण्यानं लॅपटॉपकडे बोट दाखवलं.

"अक्का, हें जुनें ठेवूं की काढूं?"

"असू दे. जागा थोडीच खातंय?"

"थोडीशी खातें."

"खाऊ दे."

शरण्यानं घरभर नजर फिरवली. "अक्का, तुमचें घर किती शांत आहे हो. आमच्या घरांत आजोबांचा टीव्ही, दोन भाऊ, खालीं मिक्सर रिपेअरचें दुकान." दुसऱ्या दिवशी ती स्वतःचा मोबाईल, चार्जर आणि दहीभाताचा डबा घेऊन दारात उभी. तेव्हापासून ऑनलाइनच्या दिवशी ती इथेच येऊ लागली. एका खोलीत दोघींचे आवाज एकमेकांत मिसळून कर्कश शिट्टी वाजायची, म्हणून एक बाहेरच्या खोलीत बसायची आणि दुसरी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून. सरांनी काही विचारलं की शरण्या आतून ओरडून उत्तर सांगायची आणि ते सगळ्या वर्गाला ऐकू जायचं.

चाचण्या जयवंतीनं पुन्हा दिल्या. तेच प्रश्न, तीच उत्तरं, तरी या वेळी मार्क अशोकपेक्षा कमी पडले. शरण्यानं तिला चिडवलं. जयवंती म्हणाली, "त्यांना निवांतपणा होता."

वार्षिक परीक्षा झाली. निकाल लागला तेव्हा जयवंती सगळ्या विषयांत पास होती, फक्त व्यावहारिक इंग्रजी राहिलं. फाइल अजून टेबलावरच होती. गुरुमूर्ती म्हणाले, "भाभी, इस साल पक्का," आणि मग दुसरं काही न सुचून त्यांनी इरुंगाट्टुकोट्टैच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत ओळखीच्यांना फोन केला. तिथे मालाच्या पावत्या संगणकावर चढवायचं काम होतं. डिप्लोमा पूर्ण करा आणि या, असं तिथून कळलं. प्राचीनं पुन्हा विचारलं, "आई, माझ्याकडे येतेस?" आणि या वेळी जयवंती म्हणाली, "आता नाही. इंग्रजी काढायचंय."

फेरपरीक्षेच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. केंद्र कारखान्यांच्या वसाहतीपलीकडे दुसऱ्या कॉलेजात होतं. शेअर ऑटोत सहा माणसं कोंबलेली, जयवंती कडेला. तिच्या थांब्याशी तिनं सांगितलं, "निरुत्तुंगो," थांबवा. ड्रायव्हरनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि सिग्नल हिरवा होता म्हणून सरळ पुढे काढलं. तिनं पुन्हा सांगितलं. "पुढे थांबतो, पुढे थांबतो," तो म्हणाला आणि पुलाखालून वळून पार दुसऱ्या रस्त्याला लागल्यावर थांबला.

जयवंती उतरली. पैसे दिले. आणि मग ती त्याच्यावर ओरडली.

काय ओरडली ते तिला पुरतं कळलंही नाही. तमिळ होतं, मराठी होतं, एक शिवी भुसावळची होती. तिनं विचारलं, मी दोनदा सांगितलं तर तुला ऐकू येत नाही का? माझी परीक्षा आहे, तुझा बाप देणार आहे का ती? मागं बसलेल्या बाया पुढे वाकून बघू लागल्या. ड्रायव्हर आधी हसला, मग गोरामोरा झाला, "सॉरी अक्का, सॉरी," म्हणाला. तरी ती थांबेना. ऑटो निघून गेली, तेव्हा ती रस्त्याच्या कडेला उभी होती. श्वास फुलला होता, कानशिलं तापली होती, हाताची मूठ इतकी आवळलेली की नखं तळव्यात रुतली होती. आणि ते दुखत होतं.

समोरच्या टपरीवाल्यानं न मागता पाण्याचा ग्लास पुढे केला. ती घटाघटा प्यायली. वेळ होत आली होती, परत पुलाखालून चालत जायचं होतं. राग अजून उतरला नव्हता. पर्स खांद्याला अडकवून ती झपझप चालू लागली. राग उतरावा, अशी तिला काही घाई नव्हती.